अपेंडिक्सवाले साहेब

आमच्या नागपुरात कोणाच्या घरी चांगली बातमी आली की ती खराब करायला एक माणूस हमखास यायचा. बोलवायची गरज नव्हती. पोराला अमेरिकेच्या कॉलेजचं पत्र आलं, पोरगी इंग्लंडला शिकायला निघाली, की घरचे पेढे आणायला जायचे आणि पेढ्यांच्या आधी हे दारात. पायात चकचकीत बूट, काखेत रेक्झिनची बॅग, आणि चेहरा असा की घरात कोणीतरी गेलंय आणि सांत्वनाला पहिला नंबर यांचाच.

"अभिनंदन," म्हणायचे. मग खुर्चीत बसायचे, बॅग मांडीवर घ्यायचे. "आता सांगा, तिकडे अपेंडिक्स दुखलं तर?"

झालं. पेढा घशातच अडकायचा.

राहायचे आमच्याच गल्लीत, आणि गल्लीनं त्यांना नाव दिलं अपेंडिक्सवाले. तोंडावर साहेब म्हणायचे, आणि त्यांची पाठ वळली की पोट धरून कण्हून दाखवायचे. त्यांना हे माहीत होतं, पण राग नव्हता. उलट त्यांना वाटायचं, आपल्यामुळे लोकांना निदान एका अवयवाचं नाव तरी पाठ झालं.

धंदा विम्याचा. सदर भागात एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर ऑफिस होतं. गांधीबागेतली कापडाची गोदामं, चार-दोन ट्रक, एक आइसफॅक्टरी, यांच्या विम्यावर त्यांची चूल पेटायची. पण जीव अडकलेला परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांच्या आजारपणाच्या विम्यात. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. ती पॉलिसी तेव्हा नवीनच निघाली होती. आता नागपुरातून तेव्हा जाऊन जाणार किती पोरं? त्यात पोट भरायचं म्हणजे पोटाला विमा नको, उपासच पाहिजे. पण साहेबांची पक्की समजूत, की आपण नसतो तर ही पोरं विमानातून उतरल्या उतरल्या पटापटा आडवी झाली असती.

सकाळी पेपर आला की बाकीची माणसं निधनवार्ता पाहतात. हे अभिनंदनाच्या जाहिराती पाहायचे. "परदेशगमनाबद्दल हार्दिक शुभेच्छा" आणि खाली टाय लावलेला फोटो. फोटोतल्या पोराचे डोळे निरखून म्हणायचे, "काविळीचा वाटते." काळ्यापांढऱ्या फोटोत कावीळ ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अमेरिकेतल्या दवाखान्यांची माहिती तर अशी सांगायचे, जणू तिथल्या वॉर्डातच जन्मले. "वहिनी, तिकडे डॉक्टर नाडी नाई पाहत, आधी कार्ड पाहते. ॲम्ब्युलन्समधे बसलं की मीटर चालू, आपल्या ऑटोसारखं. फरक इतकाच की भाव करता येत नाई." हे खरं असेल. पण त्याच दमात हेही सांगायचे, की तिकडे बर्फात नाकानं श्वास घेतला तर छातीत बर्फ जमते, म्हणून गोरे लोक तोंडानं श्वास घेतात आणि म्हणून त्यांचं इंग्रजी आपल्याला कळत नाही. मी एकदा विचारलं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं जी?"

"अभ्यास आहे," म्हणाले.

स्वतः मात्र अमेरिका सोडा, मुंबईही पाहिली नव्हती. एकदा कंपनीनं बक्षीस घ्यायला बोलावलं. हार घालून आम्ही त्यांना स्टेशनवर सोडून आलो, आणि दिवस मावळायच्या आत साहेब गल्लीत परत. वर्ध्याला उतरून उलट्या गाडीनं आले होते.

"काहून जी, काय झालं?"

"डब्यात एक जण खोकून राहिला होता," एवढंच बोलले आणि पाय धुवायला गेले.

मागच्या गल्लीतल्या मास्तरांच्या पोराची गोष्ट तर सगळ्या नागपूरला माहीत. पोरगा निघालेला शिकागोकडे. साहेबांनी त्याला आठवडाभर रोज गाठून अपेंडिक्स असं काही समजावलं, की पोरानं धसका घेऊन इथंच पोट फाडून ते काढून घेतलं. चांगलं, धडधाकट अपेंडिक्स! टाके सुकले आणि व्हिसा नामंजूर झाला. अपेंडिक्सही गेलं आणि अमेरिकाही. मास्तर काठी घेऊन साहेबांच्या दारात. साहेब शांतपणे म्हणाले, "मी विमा काढ म्हटलं होतं मास्तर, अपेंडिक्स नाई."

दुसरी सवय म्हणजे एक प्रश्न. "आधीपासून होतं का?" विम्यात म्हणे हाच सगळ्यात मोठा प्रश्न, की दुखणं पॉलिसीच्या आधीचं का नंतरचं. पण साहेब तो कशालाही लावायचे. आमचं छत गळायला लागलं: आधीपासून होतं का? शेजारच्या नवराबायकोचं वाजलं: आधीपासून होतं का? त्यांची बायको मोठी हसरी बाई. मला सांगायची, "मले पाहाले आले तवा यांच्या मायनं विचारलं शिवण येते का, बापानं विचारलं गाणं येते का. अन् यांनी विचारलं, गोवर कवा झाला होता?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खरं सांगितलं वं, दोनदा. म्हणून तर पसंत पडली."

आम्ही दोघी मोरीपाशी बसून खूप हसलो होतो. तेव्हा मला काय माहीत की हा माणूस आमच्याही पोरीला पाहायला यायचा आहे.

आमची सुजाता. रसायनशास्त्रात एमेस्सी झाली आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तिला फी माफ करून वर शिकवायचं कामही दिलं. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी घरी येऊन म्हणे एकच गोष्ट बोलले, आता या घरातली पोरं शिकतील. सासरे सहीपुरते शिकलेले. सुजाताचे बाबा मॅट्रिक, मिलमध्ये. मी चौथी, पुढचं सगळं पुडीचे कागद वाचून वाचून. आणि तीन पिढ्यांतच ही पोट्टी समुद्र ओलांडायला निघाली. आमच्या वस्तीतून पहिलीच. म्हणजे ती एकटी जाणार नव्हती, अख्खी वस्ती तिच्यासोबत सामान बांधून बसली होती.

फक्त एक होतं. सुजाताला लहानपणापासून दमा. पण आमच्या घरात हा शब्द काढायची सोय नव्हती. माझ्या थोरल्या नणंदबाई घरच्या मुख्यमंत्री. त्यांनी हुकूम काढून ठेवला होता, की "सर्दीचा कोठा आहे" असं म्हणायचं. दम्याची पोरगी कोण करून घेईल? रात्री पोरगी उशीला टेकून बसली, छातीतून पिपाणी वाजायला लागली, तरी नणंदबाई शेजारणीला सांगायच्या, अभ्यास करून राहिली.

विद्यापीठानं कळवलं, येण्याआधी आजारपणाचा विमा पाहिजे. त्याशिवाय नाव घालणार नाही. साहेब तर आधीच दोनदा येऊन पेढे खाऊन गेले होते. म्हणाले, रविवारी येतो, पोरीशी बोलून कागद भरतो.

"पोरीशी बोलतो" एवढं नणंदबाईंनी ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप ठरलं. घरी परका माणूस येणार, पोरगी पाहणार, प्रश्न विचारणार, पसंत-नापसंत करणार. याला आमच्याकडे काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, "बाई, त्याले खरं काय ते सांगून टाकू ना."

"तू चूप राह्य वं. पाहाले येणाऱ्याले कोणी दुखणं सांगते का?"

रविवारी सकाळी सुजाताला साडी नेसवली. केसात गजरा. पोहे झाले, वर तर्री. दम्याच्या गोळ्यांची बाटली फळीवरून उचलून नणंदबाईंनी तांदळाच्या डब्यात खोल पुरली. सुजाताचे बाबा इस्त्रीचा सदरा घालून इतके ताठ बसले, की कोणालाही वाटावं विमा त्यांचाच निघणार आहे.

सुजातानं पोह्यांचा ट्रे आणला. नणंदबाई सुरू झाल्या, "पोट्टी एकदम निरोगी आहे जी. स्वयंपाक येते, विणकाम येते, घरात आवाज नाई तिचा."

साहेबांनी बशी घेतली आणि गजऱ्याकडे बघत म्हणाले, "बाई, मले सून नाई पाह्यजे. मले हिची छाती, पोट, दात, कान, हे सगळं पाह्यजे."

नणंदबाईंनी पदर तोंडाला लावला. सुजाताचे बाबा आणखी ताठ झाले.

आणि तेवढ्यात शेजारच्या अंगणात मिरची कुटायला घेतली. मिरची कोणाची? माझ्याच माहेरची, भिवापूरची, मीच शेजारणीला वर्षाच्या तिखटासाठी आणून दिलेली. भिवापुरी मिरचीचा खकाणा म्हणजे भिंतीला विचारत नाही. पहिल्यांदा साहेब शिंकले. मग नणंदबाई. मग आम्ही सगळे खोकतोय, डोळे पुसतोय. आमचा ठसका थांबला, सुजाताचा थांबेना. ती दाराची चौकट धरून उभी, खांदे वर-खाली, आणि छातीतली ती पिपाणी.

मी कोणाकडे पाहिलं नाही. उठले, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बाटली काढली, गोळी दिली. साहेबांच्या बुटावर मूठभर तांदूळ सांडले.

"काय होय हे?" साहेबांनी विचारलं.

"ताकदीची गोळी," नणंदबाई म्हणाल्या.

"तांदळात ठेवता?"

"हव जी. कीड नाई लागत."

"कोणाले? तांदळाले का पोट्टीले?"

मला हसू आलं असतं, पण पोरीचा श्वास अजून जाग्यावर नव्हता. तो बसेपर्यंत साहेब थांबले. पोहे तसेच ठेवले. मग सरळ सुजाताला म्हणाले, "तू सांग बेटा. हे आधीपासून आहे का?"

सुजातानं आत्याकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. "ठसका लागला काका," ती म्हणाली.

साहेबांनी बॅग बंद केली. "मग मी हा विमा काढत नाई."

दारापर्यंत मी मागे गेले. अंगणात उभं राहून ते मला म्हणाले, "वहिनी, मी आता निरोगी लिहिलं तर मले कमिशन भेटते अन् तुम्हाले कागद. पण तिकडे ही कशानंही दवाखान्यात गेली, ताप येऊ दे नाई तर निमोनिया होऊ दे, कंपनी पहिले जुनं दुखणं शोधते. गोळ्या सापडल्या की म्हणते खोटं लिहिलं, पूर्ण पॉलिसी रद्द. मग परक्या देशात पोरगी एकटी अन् दवाखाना दारातून वापस करते. हे मी लिहू का?"

मी आत जाऊन सांगितलं. नणंदबाई म्हणाल्या, "त्या अपेंडिक्सले आपली पोरगी जाताना पाहवत नाई." सुजाताचे बाबा वेगळ्याच भीतीत. दमा लिहिला आणि विद्यापीठानंच आजारी पोरगी नको म्हटलं तर? तीन पिढ्यांचं एका शब्दात जाईल. त्यांचंही खोटं नव्हतं.

मग नणंदबाईंनी गांधीबागेकडचा दुसरा एजंट आणला. मोठा गोड माणूस. सुजाता कॉलेजात गेली होती, त्यानं विचारलंही नाही. चहा घेतला. "पोरगी निरोगी ना?" "एकदम." झाली पॉलिसी. नणंदबाई म्हणाल्या, "याले म्हणतात माणूस." सुजातानं संध्याकाळी तो कागद वाचला, घडी घातली, आणि त्या दिवसापासून घरात कोणाशी धड बोलली नाही. एकदा फक्त मला म्हणाली, "आई, तिथं मी खोकले तर कोणाला ऐकू जाणार नाही अशा खोलीत राहू का?"

निघायच्या आधी वस्तीनं बुद्धविहारात निरोप समारंभ ठेवला. वंदना झाली, आणि मग भाषणं. आमच्या वस्तीत भाषण येत नाही असा माणूस शोधून आणावा लागतो. एकानं सुजाताला तारा म्हटलं, दुसऱ्यानं सूर्य, तिसऱ्याला काही उरलं नाही म्हणून तो वस्तीच्या नळाच्या प्रश्नावर बोलला. पहिल्या रांगेत कामठीचे पाहुणे. नणंदबाईंनी खास बोलावलेले. त्यांचा मुलगा इंजिनियर, पोरगी शिकून आली की बघू, असं बोलणं चालू होतं.

आणि मागच्या रांगेतून रेक्झिनची बॅग उठली. साहेब. आमंत्रण नव्हतं, पण त्यांना कधी होतं? सरळ माइकपाशी चालत गेले.

"माय वं," नणंदबाईंनी माझा दंड धरला. "हा आता सांगते. कामठीवाल्यांसमोर सांगते." मग मागे वळून कोणाला तरी म्हणाल्या, "अबे, ती वायर ओढ ना माइकची!"

वायर ओढायला कोणी उठलं नाही. सगळ्यांना ऐकायचं होतं.

"मले भाषण येत नाई," साहेब म्हणाले, जे साफ खोटं होतं. "मी फक्त माझं सांगतो. मले मूळव्याध आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा. लग्नाच्या आधीपासून आहे. अंतर्गळ आहे, पट्टा बांधतो, आता बी बांधून आहे. वरचे दात माझे नाईत. हे सगळं मी माझ्या विम्यात लिहून देलं आहे. लिहाले लाज वाटली. पण आता मले कोणी काही विचारलं तर घाम नाई सुटत. बस, इतकंच. पोरीले शुभेच्छा." आणि जाऊन बसले. सुजाताबद्दल एक अक्षर नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोक हसून हसून डोळे पुसायला लागले. कामठीच्या बाईंनी तोंडात रुमाल कोंबला. एवढ्या हशात सुजाताचं नाव पुकारलं, आभार मानायला. ती आभाराचं इंग्रजी-मराठी लिहून आणलेला कागद घेऊन उठली, आणि माइकपाशी गेल्यावर तो न उघडताच उभी राहिली.

"मला दमा आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून. मिरची कुटली की होतो, थंडीत होतो. अमेरिकेत थंडी फार आहे म्हणतात. तरी मी जाणार आहे."

आता कोणी हसलं नाही. नणंदबाईंची बोटं माझ्या दंडात रुतली. आणि सुजाताच्या बाबांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. या माणसाला टाळी कुठं वाजवायची ते आयुष्यात कळलं नाही, नाटकात भलतीकडेच वाजवायचे. पण ती बरोबर पडली. मग सगळी सभा.

कामठीच्या बाई जाताना नणंदबाईंच्या कानात म्हणाल्या, "आमच्या पोट्ट्याले बी जाड भिंगाचा चश्मा आहे जी. फोटोत काढून ठेवला होता." ते लग्न पुढे जुळलं नाही, पण ते दम्यामुळे नाही, चष्म्यामुळे नाही, सुजातानं आपलं आपण जमवलं. ती वेगळी गोष्ट.

समारंभानंतरची मजा अशी, की वस्तीतले सगळे म्हातारे साहेबांभोवती. एकाचा गुडघा, एकाचं मूत्र, एकाची बायकोच. सगळ्यांना आपलं जाहीर करायचं होतं. साहेब बुंदीची प्लेट हातात घेऊन मागे मागे सरकत होते, "तुम्ही कुठी जाऊन राहिले बाप्पा? हा परदेशाचा विमा आहे!"

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. गोड एजंटची पॉलिसी रद्द झाली, नवी भरली, दमा ठळक लिहून. विद्यापीठाला कळवलं, त्यांनी नाही म्हटलं नाही, उलट विचारलं, औषध कोणतं घेते. कंपनीनं मात्र दम्याचा खर्च देणार नाही, बाकी सगळं देऊ, असं लिहिलं.

नणंदबाईंना तोंड फुटलं. "मग सांगून भेटलं काय?"

"दम्याचा नाई देत बाई," साहेब म्हणाले. "पण आता बाकी कशाले नाई म्हणाचा त्यांच्यापाशी बहाणा नाई." आणि सुजाताला म्हणाले, "पोहोचली की पहिले विद्यापीठाच्या दवाखान्यात जाय. विचारायची वाट नको पाहू. अन् बर्फात नाकानं श्वास नको घेऊ." मधे एक शहाणपणाचं वाक्य निघालं, तर शेवटी तेवढंच खुळं वाक्य जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ती गेली. हिवाळा लागला. एका सकाळी भिंतीवरून साहेबांच्या बायकोची हाक आली. गल्लीत फोन त्यांच्याकडेच. "वहिनी, अमेरिका आहे, पळा!"

मी तशीच, पिठाच्या हातानं. साहेब रिसीव्हर कानाला लावून उभे. अमेरिकन दवाखान्यांवर वर्षानुवर्षं भाषणं ठोकलेला माणूस, आता नुसतं हलो, हलो करत होता. रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तिथंच वेताच्या मोड्यावर बसले.

सुजाता म्हणाली निमोनिया झाला होता, दवाखान्यात होते, आता खोलीवर आले, म्हणून आता सांगते. मी म्हटलं, कंपनीनं जुन्या दुखण्याचं विचारलं का? विचारलं. फार विचारलं. विद्यापीठाच्या डॉक्टरांपाशी दमा पहिल्याच आठवड्यात नोंदवलेला, कंपनीपाशीही लिहिलेला. निमोनिया वेगळा, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं. बिल कंपनीनं भरलं.

मी हे सगळं मोठ्यानं साहेबांना सांगत होते. मला वाटलं आता उठतील, बूट घालतील, गल्लीत घरोघर सांगत फिरतील. हक्कच होता त्यांचा. ते उठले नाहीत.

"तिले विचारा," म्हणाले, "जेवून राहिली का बराबर."

मी विचारलं. इतक्या लांबून आवाज जायला वेळ लागायचा, मधे नुसती खरखर. मग ती तिकडे हसली, चांगली मोठ्यानं हसली. मी रिसीव्हर कानापासून थोडा लांब, दोघांच्या मधे धरला. साहेबांनी मान पुढे आणली. हसणं संपल्यावर तिनं श्वास घेतला, लांब, आतपर्यंत. पिपाणी नव्हती. आम्ही दोघं ती पुढचा श्वास घेते का, तेही ऐकत थांबलो.